वीसपैकी एकोणीस

पडद्यावरच्या चिंपांझीने हात पुढे केला. तळवा वर, बोटं जराशी वाकलेली. समोर बसलेल्या दुसऱ्या चिंपांझीवर त्याची नजर खिळली होती. चार सेकंदांत चित्र काळं झालं.

"तंबाखू मागतंय," मंगळू म्हणाला.

हेतलने ओठ दाबून हसू आवरलं. भगीरथला हसू आलंच नाही. त्याने कागदावर पेन ठेवून चारही पर्याय पुन्हा खणखणीत वाचले.

"एक, खायला दे. दोन, इथून जा. तीन, माझं अंग साफ कर. चार, माझ्यामागून ये. तंबाखू यात कुठे आहे?"

"मंग खायला दे लिव्हा. तंबाखू काय कानात घालतात का?"

"आणि माकड म्हणू नकोस. मघापासून तीनदा म्हणालास. शेपूट दिसतंय का त्याला?"

"शेपूट नाय, तर माणूसच हाय मंग," मंगळू म्हणाला आणि हेतलकडे बघून दात काढले. "आमच्या मास्तरांसारखा."

भगीरथ मास्तर नव्हता. शहापूरच्या एका महाविद्यालयात तो बावीस वर्षं प्रयोगशाळेत परिचर होता. म्हणजे परीक्षानळ्या धुवायच्या, बेडूक मोजायचे आणि पोरांनी फोडलेल्या काचा झाडायच्या. पण कुणी मास्तर म्हटलं की त्याला बरं वाटायचं, आणि गावाबाहेरच्या आदिवासी वाडीवरून आलेल्या मंगळूला ते ठाऊक होतं. वाडीवरच्या माणसाला कोण कशाने खूश होतं ते ठाऊक असतंच. त्यावरच त्याला जगायचं असतं.

हे चाललं होतं खर्डीपासून चार किलोमीटर आत, भगीरथच्याच गावच्या समाजमंदिरात. मुलुंडच्या हेतलची पीएचडी माणसाला भाषा कुठून आली यावर होती. रानातले चिंपांझी एकमेकांना हातवारे करून काही ना काही सांगतात, मागतात. त्यांच्या खुणांचा अर्थ, ज्यांनी जन्मात चिंपांझी पाहिला नाही अशा माणसांना लागतो का, हे तिला बघायचं होतं. लागला, तर बोलण्याच्याही आधीचं काहीतरी आपल्या अंगात अजून शिल्लक आहे असं म्हणता येईल. वीस चित्रफिती, प्रत्येकीला चार पर्याय, तीस माणसं. पर्याय भगीरथने वाचायचे, उत्तर भगीरथने लिहायचं. शेवटच्या रकान्यात, ‘हे कसं ओळखलंत’ याचं कारण, तेही त्यानेच.

"पण खरं उत्तर कोन ठरवतो?" मंगळूने विचारलं. "माकडाला विचारलं का?"

भगीरथने हेतलला बोलू दिलं नाही. "मागणारं जनावर ज्या गोष्टीनंतर मागायचं थांबलं, तो त्या खुणेचा अर्थ. केळं मिळाल्यावर हात खाली गेला, म्हणजे केळंच हवं होतं."

"अगदी बरोबर, काका," हेतल म्हणाली.

तिचं हे ‘काका’ त्याला सुपारीच्या खांडासारखं दातात अडकायचं. बारा वर्षांपूर्वी ग्रंथालयाने रद्दीत काढलेल्या गठ्ठ्यातून त्याने वानरांवरचं एक इंग्रजी पुस्तक उचललं होतं. मुखपृष्ठ नाही, पहिली वीस पानं नाहीत. शब्दकोश मांडीवर घेऊन ते वाचायला त्याला दीड वर्ष लागलं. मग दुसरं, मग तिसरं. ‘भाषेचा उगम’ अशा नावाच्या नऊ वह्या त्याने भरल्या. भाषा घशातून नाही, हातातून आली, असा त्याचा ठाम सिद्धांत होता. त्यावर लेख लिहून तीन मासिकांना पाठवला. दोघांनी उत्तर दिलं नाही, तिसऱ्याने छापील चिठ्ठी लावून परत केला. आणि ही अठ्ठावीस वर्षांची पोर, जी पुस्तकं त्याने घाम गाळून वाचली, त्यांची नावं मेथी-पालक म्हणावं तशी सहज घेत होती. ती कॉलेजात आली तेव्हा प्राचार्य म्हणाले होते, "आमचा भगीरथ हिंडवेल तुम्हाला." हिंडवेल. जणू तो रिक्षा होता.

पण पहिल्याच दिवशी तिने एका वानराची जात चुकीची सांगितली आणि भगीरथने ती दुरुस्त केली. "काका, हे तुम्हाला कसं माहीत?" ती चकित होऊन म्हणाली. या एका वाक्यावर त्याने आठ दिवस काढले. पुढे ती बोलता बोलता म्हणाली, की एप्रिलपासून मुरबाडच्या वाड्यांवर दुसरा टप्पा आहे, दोन महिने, तिथे इथलाच एक सहकारी लागेल आणि अहवालावर त्याचंही नाव येईल. सहकारी कोण, हे ती बोलली नाही. भगीरथला ते विचारायची गरज वाटली नाही. प्रयोगशाळेत त्याने सांगूनही टाकलं, "एप्रिल-मे मी नसणार. संशोधनाचं काम आहे."

फक्त एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. पहिल्या दिवशी, सराव म्हणून, त्याने स्वतः ती परीक्षा दिली होती. वीसपैकी बारा. "फिती अर्ध्यात कापल्यात," तो म्हणाला होता, आणि हेतलने "असेल" म्हटलं होतं. ते ‘असेल’ अजून टोचत होतं. आज मंगळूला चौदा मिळाले. भगीरथने ते गिळलं. रानात मधाच्या मागे हिंडणारा माणूस, त्याला जनावरांची रीत कळणारच. कारण हाताशी होतं.

तिसावी होती वाडीवरचीच बारकी. ती आलीच नाही. मोहाची फुलं पडायला लागली होती आणि पहाटेच टोपली घेऊन ती रानात गेली होती.

"एक माणूस कमी पडतंय," हेतल म्हणाली. "आज संपवायला हवं होतं."

तेवढ्यात दारात चंद्रकला उभी राहिली. भगीरथची बायको. हातात डबा. तिने हाक मारली नाही की आत आली नाही. भगीरथने मान न वळवता दोन बोटं टेबलाच्या कोपऱ्याकडे केली. तिने डबा तिथे ठेवला, बाजूला पाण्याची बाटली ठेवली, आणि त्याच्या चष्म्याचं घर, जे तो घरी विसरला होता आणि मागितलंही नव्हतं, तेही ठेवलं.

"मावशी, पंधरा मिनिटं आहेत का?" हेतलने विचारलं.

"ती नको," भगीरथ म्हणाला. "चौथी शिकलीय. तिला काय कळतंय यातलं."

"शिकलेलं नकोच आहे ना, काका. बसा मावशी." हेतलने खुर्ची ओढली.

चंद्रकलेने नवऱ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. पदराला हात पुसले आणि टोकावर टेकली. लग्नाला बावीस वर्षं झाली, नवऱ्यासमोर खुर्चीवर ती पहिल्यांदा बसत होती. भगीरथने टेबलावरच्या छोट्या रेकॉर्डरचं बटण दाबलं. ते कामही त्याचंच होतं. तिसाव्यांदा दाबताना बोटाला आता कळतही नव्हतं.

पहिली फीत. पिल्लू आईच्या दंडाखाली हात सरकवतं.

"उचल म्हनतंय," ती म्हणाली. भगीरथने अजून पहिला पर्यायही वाचला नव्हता.

"पर्याय ऐकून उत्तर द्यायचं."

तिने चारही ऐकले. "तिसरा."

दुसरीत एक मादी स्वतःचा दंड कराकरा खाजवत दुसरीकडे बघत होती. "अंग बघ म्हनते. उवा काढायला." तिसरीत एक नर फांदी गदागदा हलवत होता. इथे भगीरथ चुकला होता, मंगळूही चुकला होता. दोघांनी ‘इथून जा’ निवडलं होतं. चंद्रकला म्हणाली, "चल म्हनतोय. राग नाय त्याला, घाई हाय." हेतल खुर्चीत पुढे सरकली.

आठव्या फितीत एक नर झाडाचं पान दातांनी टरटर फाडत होता आणि तिरक्या डोळ्यांनी मादीकडे बघत होता. चंद्रकलेने पदर तोंडाला लावला.

"मावशी?"

"हे लिव्हू नका."

"नंबर सांगा फक्त."

"चार," ती म्हणाली, आणि दोघी बायका हसल्या. भगीरथने चार लिहिला तेव्हा पेनाचं टोक कागदात रुतलं. त्या फितीला त्याने ‘भूक लागली आहे’ निवडलं होतं.

दुसऱ्यांदा दाखवू का, असं हेतल प्रत्येक वेळी विचारी आणि ती प्रत्येक वेळी मान हलवी. नको. बारा झाले तेव्हा भगीरथला वाटलं, आता पुरे. तेरावं बरोबर आलं. चौदावं आलं. पंधरावं आलं तेव्हा त्याने बरोबरची खूण मागच्या चौदांपेक्षा बारीक केली. नवरा नावाच्या माणसाने इथे खूश व्हायचं असतं, हे त्याला कळत होतं. होता येत नव्हतं.

सोळाव्या फितीत एक चिंपांझी दुसऱ्याच्या ओठांवरून हळूच बोट फिरवत होता. भगीरथने पर्याय वाचले. खायला दे, थांब, जवळ ये, मला उचल.

"यात नाय," चंद्रकला म्हणाली.

"यातूनच निवडायचं."

"यात नाय त्याचं. तो इचारतोय, खाल्लंस का."

"मग खायला दे घ्यायचं का, मावशी? जवळपास तेच."

"जवळ कुठं?" ती शांतपणे म्हणाली. "रिकामं ठेवा."

भगीरथने रिकामं ठेवलं आणि शेजारी फुली मारली. इतका वेळ आखडलेले खांदे सैल सोडून तो हेतलकडे वळला. "वानर मागतं. विचारत नाही. विचारणं माणसाचं. सगळ्या पुस्तकांत आहे."

"हो, तसं मानतात," हेतल म्हणाली, पण ती बघत होती चंद्रकलेकडे.

उरलेल्या चारही बरोबर आल्या. वीसपैकी एकोणीस. बाकीच्या एकोणतीस माणसांत पंधराच्या पुढे कुणी गेलं नव्हतं.

"मावशी, हे कसं काय ओळखलंत?" हेतलने वही बाजूला ठेवली. "कुठे बघितलं होतं का टीव्हीवर?"

"नाय गो." चंद्रकला पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. मग एकदम बोलायला लागली, विहिरीवर शेजारणीशी बोलावं तशी. "मी लगीन होऊन आले तवा सासरे ओटीवर बसलेले असायचे. दिवसभर. सासऱ्यादेखत नवऱ्याशी बोलायची आमच्यात रीत नाय. घर दोन खनांचं, जाशील कुठं? मंग पानी पायजे, दार लाव, पोरीला घे, डोकं दुखतंय, सगळं हातानंच. नायतर डोळ्यानं. हे हात करायचे, मी समजायचं. नाय समजलं तर परत करायचे नायत, उठून जायचे. मंग समजायला शिकले. चौदा वर्षं जगले सासरे."

"आणि ते गेल्यावर?"

"गेल्यावर काय." ती हसली. "सवय. राहीचा बापूस वाचत बसतो, आमची लेक बोलायची तेवढंच. आता राही पन कल्यानला नर्सिंगला." मग पडद्याकडे बोट केलं. "ही बिचारी सोपी हाईत, बाय. दोन-दोनदा मागतात."

हेतल हसली नाही. मग म्हणाली, "काका, हे सगळं शब्दशः लिहा हं, प्लीज," आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेली.

चंद्रकलाही उठून गेली. समाजमंदिरात भगीरथ एकटा उरला. समोर कागद, शेवटचा रकाना. भाषा हातातून आली, असं त्याने नऊ वह्यांत लिहिलं होतं. त्याला पुरावा हवा होता आणि पुरावा त्याच्या घरात बावीस वर्षं भाकऱ्या थापत होता. दुसऱ्या कुणाच्या घरातला असता तर त्याने तो शोध म्हणून मिरवला असता, दहावी वही भरली असती. पण हा पुरावा मागायला लोक त्याच्याकडे आले नसते, तिच्याकडे गेले असते. आणि विचारलं असतं, तो हात करणारा कोण?

‘कारण’ या शब्दाखाली त्याने लिहिलं: अंदाजाने.

मग डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. खाल्ली नाही.

संध्याकाळभर तो घरात तिला न्याहाळत होता. ती चुलीपाशी, गोठ्यात, तुळशीपाशी. चेहऱ्यावर काही नाही. एकोणीस मिळवलेल्या माणसाने जरा तरी ऐटीत चालावं. ती रोजच्यासारखीच होती, आणि त्याचाच त्याला जास्त राग येत होता. बारा मिळाले असते तर तिने ते त्याच्यासारखे लपवले असते का? तिला ते लपवायचं सुचलंही नसतं.

दिवेलागणीला जेवायला बसला तेव्हा त्याने ठरवलं, हिला पकडायची. घशात घास अडकला होता, पाणी हवं होतं. त्याने मुद्दाम मिठाच्या बरणीकडे पाहिलं. हातही मिठाकडे केला, बोट नीट रोखून, कुणाचीही फसगत व्हावी असा. वानरांवरच्या पुस्तकात असलेही प्रयोग होते.

चंद्रकला तव्यावरची भाकरी उलटत होती. त्याच्याकडे अर्धवट पाहिलं, आणि पाण्याचा तांब्या पुढे सारला.

मीठ मागितलं होतं, असं त्याला म्हणता आलं असतं. तो तांब्या तोंडाला लावून अर्धा रिकामा होईपर्यंत प्यायला. तिने भाकरी ताटात टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेतल घरी आली. खर्डीहून साडेतीनची गाडी होती. ओटीवर बसून तिने चहा घेतला, मोहाचं झाड कुठलं ते विचारलं, आणि कप खाली ठेवून म्हणाली,

"काका, काल रात्री मी रेकॉर्डिंग ऐकलं. मावशींचं."

भगीरथ चष्मा पुसू लागला.

"कागदावर ‘अंदाजाने’ आहे. रेकॉर्डिंगमध्ये त्या तीन मिनिटं बोलल्यात."

"रकाना लहान होता," तो म्हणाला.

"मागच्या बाजूला लिहिता आलं असतं. बारकं काही असतं तर मी बोललेही नसते." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, त्यावर ओरडता तरी आलं असतं. "तुमचं वाचन खूप आहे, काका. माझ्या गाइडपेक्षा जास्त असेल कदाचित. मी अहवालात तुमचे आभार मानणार आहे. पण मुरबाडला मला जे दिसतं ते लिहिणारं माणूस हवंय. आणि ओळखणारं." ती थोडी थांबली. "मावशी येतील का?"

भगीरथला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. पण तिने घरात वळून हाक मारली, "मावशी!"

चंद्रकला ओल्या हातांनी दारात आली. हेतलने तिला सगळं सांगितलं. आठवड्यातून चार दिवस, सकाळी जायचं, संध्याकाळी परत, मुरबाडच्या वाड्यांवर बायकांशी बसायचं, त्यांच्या घरातल्या हाताच्या खुणा बघायच्या. लिहायला कॉलेजची एक मुलगी असेल. मावशींनी फक्त बघायचं आणि सांगायचं. अहवालावर मावशींचं नाव येईल.

"माझं?" चंद्रकला म्हणाली. "मला तर कुनी नावानं बोलवत पन नाय."

"तुमचंच. येणार?"

चंद्रकलेच्या मानेवरची शीर उडत होती, तेवढी भगीरथला दिसली. बावीस वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं त्याला आठवेना. मागितलं असेल तर त्याने ओळखलं नव्हतं.

"काकांना विचारून सांगा. माझी घाई नाही, पण गाडीची आहे," हेतल म्हणाली, आणि पायरीवर बसून पाठमोरी बुटांच्या नाड्या बांधू लागली.

चंद्रकलेने नवऱ्याकडे पाहिलं. बस, एवढंच तिचं विचारणं.

भगीरथच्या छातीत काहीतरी धुमसत होतं, आणि त्याला चांगलं नाव देण्यात अर्थ नाही. तो मत्सर होता, उघडा, लाज नसलेला. प्रयोगशाळेतल्या पोरांचे चेहरे त्याला दिसले. एप्रिलमध्ये ती विचारतील, मास्तर, संशोधन काय झालं? आणि कुणीतरी सांगेल, बायको गेली त्यांची.

त्याने मान हलवली. नाही. उजवा हात गुडघ्यावरून उचलून आडवा फिरवला, सावकाश, पुरता. बांधलेल्या बैलालाही कळलं असतं.

चंद्रकलेने तो हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला.

"काय म्हणाले काका?" हेतलने नाडीची गाठ मारत विचारलं.

"हो बोलले," चंद्रकला म्हणाली.

"थँक यू, काका," हेतल मान खाली घालूनच म्हणाली आणि दुसरा बूट ओढला. "सोमवारी मग, एक एप्रिलला, साडेसातला. खर्डी स्टेशनच्या बाहेर."

गोठ्यात वासरू हंबरलं. भगीरथचा हात अजून हवेत होता. तो त्याने खाली घेतला, मग पुन्हा उचलला, आणि त्याच्या लक्षात आलं की या हाताने आता काही होणार नाही. खोटं आहे म्हणायचं तर तोंड उघडायला हवं होतं. मी नाही म्हणालो. मी हे जाऊ देणार नाही. किंवा दुसरंही काही, जे कुठल्याच वहीत नव्हतं. त्याने तोंड उघडलं.

चंद्रकला आत गेली नाही. चुलीवर दूध होतं, ते उतू गेल्याचा वास आला, तरी गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून, ओले हात तसेच ठेवून, ती त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, तो काय बोलतो ते ऐकायला.